अवतरणचिन्हांच्या आत

सोमवार, ४ मार्च

तीर्थरूप ताईस,
सादर नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तुझी प्रकृती बरी आहे हे वाचून समाधान वाटलं. नदीपलीकडे तुमच्याकडे राजवट बदलल्याची बातमी इथल्या वर्तमानपत्रात चार ओळींत आली होती. त्याबद्दल मला काही मत नाही.

पत्रासोबत तू तिथल्या नव्या सरकारचा छापील जाहीरनामा पाठवलास. तो मी वाचला नाही. पाकिटातून काढला तसा बंबात घातला. असे कागद पुन्हा पाठवू नयेत, ही विनंती.

मी अजून सरकारी मुद्रणालयातच मुद्रितशोधक आहे. चष्म्याचा नंबर वाढला, एवढंच नवीन. बाकी इथे सगळं सुरळीत आहे. लोक समाधानी आहेत.

तुझा भाऊ


बुधवार, १३ मार्च

ताई,

मागचं पत्र तुझ्यासाठी नव्हतं. ते वाटेत उघडून वाचणाऱ्यासाठी होतं. तुझ्या पाकिटाची कड दुसऱ्याच कुणीतरी पुन्हा चिकटवली होती, डिंकाचा ओघळ पत्त्यावर आला होता. हे पत्र मात्र तुझंच. दर गुरुवारी औषधं आणायला पास घेऊन पलीकडे जाणाऱ्या परिचारिकाबाई ते पोचवतील. "दादा, फार लांबण लावू नका," त्यांनी बजावलंय, "मोज्यात मावलं पाहिजे."

जाहीरनामा मी जाळला नाही. वाचला. घडी घातली आणि पुन्हा उलगडून वाचला. सध्या तो मोठ्या शब्दकोशाच्या पुठ्ठ्याच्या आत आहे. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. तुम्ही राजाला घालवलंत ते ठीक, पण ऱ्हस्वदीर्घाने तुमचं काय वाकडं केलं होतं?

आता खरी गोष्ट. माहिती खात्याने आमच्याकडे एक पुस्तिका छपाईला पाठवली: 'शेजारील बंडाळीचे खंडन'. रचना अशी, की पानाच्या वरच्या भागात तुमच्या जाहीरनाम्यातलं एक कलम अवतरणचिन्हांत द्यायचं आणि खाली आमच्या सरकारचं उत्तर. सातव्या कलमाचं मुद्रित माझ्यासमोर आलं. खात्याच्या मजकुरात असं होतं: "सरकार लोकांना अधिकार देते, दिलेले अधिकार सरकार परत घेऊ शकते." आणि खाली उत्तर: पाहा, त्यांचं नवं सरकारही हेच म्हणतं, मग बंड कशासाठी?

तुझ्या कागदात काय आहे ते तुला पाठ असेल. "लोक सरकारला अधिकार देतात, दिलेले अधिकार लोक परत घेऊ शकतात."

मी दोन शब्दांभोवती अदलाबदलीची खूण काढली, पुढचा एक शब्द खोडला, समासात लाल शाईने 'ला', 'तात', 'लोक', 'शकतात' लिहिलं आणि कागद जुळणीला पाठवला. आमच्याकडे अजून शिशाचे खिळे हाताने जुळवूनच छापतात. जुळवणाऱ्यांतले सगळ्यात जुने ते उलटेकाका. चाळीस वर्षं आरशातल्यासारखी अक्षरं वाचून वाचून त्यांना सरळ मजकूर वाचायला त्रास होतो म्हणे. वर्तमानपत्रसुद्धा उलटं धरतात. तो कागद घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

"गुरुजी, हे असंच करायचं?"

"मूळ मजकूर असाच आहे. नक्कल करणाऱ्याची चूक झालीय."

"मूळ मजकूर तुम्ही कुठं पाहिलात?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"बरं बरं, मी कुठं विचारतोय," ते म्हणाले. "मी आपला उलटा माणूस. पण तुमचं हे व्याकरण एक दिवस आपल्या दोघांना खड्ड्यात घालणार बघा."

ताई, तू टाळ्या वाजवण्याआधी सांगतो. मी काही शूरपणा केलेला नाही. अवतरणचिन्हांच्या बाहेर ज्याला जे लिहायचं ते त्याने लिहावं, ते त्याचं तो निस्तरेल. आत मात्र दुसऱ्याचं बोलणं असतं. तिथे एक काना इकडचा तिकडे करायचा नाही. वीस वर्षं हा नियम पाळला, तोच पाळला. त्यात राजकारण नव्हतं.


बुधवार, २७ मार्च

ताई,

पुस्तिका निघून दहा दिवस झाले. सुरुवातीला ती कुणी हातात घेत नव्हतं. फुकट मिळणाऱ्या सरकारी कागदाचं जे होतं ते होत होतं. वाण्याकडे मी तिच्या पुड्या पाहिल्या. मग एका सकाळी केस कापायला गेलो तर न्हाव्याच्या आरशाच्या कडेला सातवं कलम चिकटवलेलं. फक्त वरचा भाग. खालचं खंडन कात्रीने काढून टाकलं होतं.

"खालचं कुठं गेलं?" मी विचारलं.

"ते केसांबरोबर झाडून टाकलं," तो म्हणाला. "वरचं वाक्य छान आहे हो. सरकारनंच छापलंय, मग लावायला काय हरकत?"

हीच खोच आहे. तुझा जाहीरनामा जवळ सापडला तर माणूस आत जातो. खंडन जवळ सापडलं तर तो आज्ञाधारक नागरिक. कुणी काय बोलावं! शाळांनी मागवलं, दवाखान्यांनी मागवलं, बसवाहक एकमेकांना विचारतात, "सातवालं पान आहे का रे जास्तीचं?" खात्याला वाटलं, लोकांना खंडन पटतंय. त्यांनी दहा हजार प्रतींची दुसरी आवृत्ती काढायला सांगितली. आमचे व्यवस्थापक इतके खूश, की त्यांनी सगळ्यांना चहा दिला. उलटेकाका कपात बघत मला हळूच म्हणाले, "अधिकार लोकांचा, मग अधिकारी कुणाचा हो, गुरुजी?" मला ठसका लागला.

परवा मात्र हसू आटलं. पाण्याच्या कचेरीत मी अर्ज द्यायला गेलो होतो. खिडकीतल्या कारकुनाने एका म्हातारीला तिसऱ्यांदा परत पाठवलं. ती वळली, दोन पावलं गेली आणि परत आली. भांडायला नाही. अगदी नवीन शब्द जिभेवर घोळवून पाहावा तसं म्हणाली, "बाबा, मला परत पाठवायचा हा अधिकार तुला आम्हीच दिलाय ना? मग तो आम्ही परत घेतो."

रांगेत कुणी हसलं नाही. कारकूनही नाही. त्याने खिडकी लावून घेतली. आम्ही चाळीस माणसं त्या बंद फळीकडे बघत उभे राहिलो आणि एकही जण घरी जाईना. शेवटी मी निघालो. माझ्या मागे रांग तशीच होती. काल तिथे गेलो तर कचेरीपुढे दोन मोटारी उभ्या होत्या आणि रस्ता धुतलेला होता. बाकीच्या रस्त्यांवर धूळ होती, तेवढाच रस्ता धुतलेला.

आता मला शब्दांची भीती वाटते. माझ्या लाल शाईने रस्ता धुवायची वेळ आणली का? की ती म्हातारी तसंही एक दिवस बोललीच असती? तू शिक्षिका आहेस, तू सांग.


बुधवार, १० एप्रिल

ताई,

उलटेकाकांना नेलं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला दोघं आले. सभ्य होते. एकाने तर चपला बाहेर काढल्या. खात्याच्या मूळ मजकुराशी कुणीतरी पुस्तिका ताडून पाहिली होती. मुद्रितं आमच्याकडे तारेला टोचून सहा महिने ठेवतात. त्यांनी तार उतरवली, सातव्या कलमाचा कागद काढला, माझ्या लाल खुणा पाहिल्या. कागदाच्या कोपऱ्यात मुद्रितशोधकाची आद्याक्षरं हवीत. ती नव्हती.

"हे कुणी केलं?"

जुळणीच्या खोलीत सात माणसं होती. मी दारात होतो. त्या क्षणाला लांबी होती, ताई. मी त्यात बोलू शकलो असतो आणि वर चष्माही पुसू शकलो असतो.

"मी," उलटेकाका म्हणाले. हातातली खिळ्यांची पट्टी त्यांनी खाली ठेवली. "वाक्य उलटं वाटलं, म्हणून सुलटं केलं. मला उलट्याची सवय आहे, साहेब."

"चौकशीपुरतं या," ते म्हणाले. काकांनी डबा बरोबर घेतला. त्या गोष्टीला आज पाच दिवस झाले.

आता तुला ते सांगतो जे मागच्या पत्रांत गाळलं. वीस वर्षांत मी एकही मुद्रित आद्याक्षरांशिवाय सोडलेलं नाही. ताप असताना नाही, आई गेली त्या आठवड्यात नाही. त्या एका कागदावर ती नाहीत. विसरलो नव्हतो. टाक कोपऱ्यावर नेला होता आणि उचलला. नकलेची चूक सुधारणाऱ्या माणसाला सही टाळायचं कारण नसतं. म्हणजे ती चूक नाही, खात्याने मुद्दाम केलेली लबाडी आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी ती उलटवली, आणि वर नियमाचं पांघरूण घेतलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

अजून मी कुणाला बोललेलो नाही. उद्या बोलेन असं रोज वाटतं.


बुधवार, १७ एप्रिल

ताई,

नदीवरचा पूल सगळ्यांसाठी सुरू झाला की महिनाअखेर येतेस, हा निरोप बाईंनी दिला. आधी हे वाच, मग ठरव.

खुणांचं अक्षर काकांच्या अक्षराशी जुळेना. म्हणून सोमवारी चौकशी अधिकाऱ्याने मुद्रणालयातल्या एकतीसही जणांना पुस्तकबांधणीच्या खोलीत बसवलं. लांब टेबलं, प्रत्येकाला एक कोरा कागद, लाल शाई. तो वाक्य सांगणार, आम्ही दहा वेळा लिहायचं.

हा अधिकारी तरुण आहे, आवाज स्वच्छ. पहिल्यांदा त्याने सातवं कलम खणखणीत म्हटलं. तिसऱ्या वेळेला थोडं भरभर. पाचव्या वेळेला आपण काय म्हणतोय हे त्याच्या कानावर गेलं असावं, आवाज उतरला. बांधणीतल्या शिवणाऱ्या बाई, ज्यांनी आयुष्यात सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं, त्यांनी हात वर केला. "साहेब, 'परत घेऊ शकतात'च्या आधी काय म्हणालात? कोण परत घेऊ शकतात?"

"लोक," तो म्हणाला.

"कोण?" मागून कुणीतरी.

"लोक!"

कुणाला तरी खोकला आला, मग सगळ्यांनाच. दहाव्या खेपेला एकतीस माणसं ओठ हलवत लिहीत होती. ज्या हमालाने ती पुस्तिका नुसती गठ्ठ्यांनी उचलली होती, त्यालाही आता ते कलम पाठ आहे. खात्याला कुठल्या पुस्तिकेने जमलं नसतं ते या चौकशीने एका सकाळीत केलं.

आणि मी? माझा 'ल' पाकळ्यांचा आहे. आमच्या खोलीत सगळ्यांचा दांडीचा, माझा एकट्याचा पाकळ्यांचा. पाटीवर हात धरून तूच तो गिरवून घेतलास. सोमवारी मी दहाही वेळा दांडीचा 'ल' काढला. इतक्या सराईतपणे खोटा लिहिला, की क्षणभर कामगिरी चोख झाल्याचा आनंदही झाला. माझ्याबद्दल मला जे कळायचं राहिलं होतं ते त्या आनंदाने कळवलं.

संध्याकाळी काकूंकडे गेलो. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर आहे, जिन्याला कठडा नाही. त्यांना आठवड्यातून एकदा पाच मिनिटं भेटू देतात. मी विचारलं, काका काय म्हणतात.

"काय म्हणायचंय! म्हणतात, चाळीस वर्षं लोकांची वाक्यं जुळवली, हे एक माझं म्हणून राहू दे. तुम्हाला निरोप आहे, गप्प बसा म्हणून."

मला हायसं वाटलं. लपवत नाही. काय सोयीचं होतं बघ! मी बोललो तर म्हाताऱ्याचं एकुलतं वाक्य हिरावून घेणार, म्हणजे गप्प बसणं हाच मोठेपणा. मी तसं काहीतरी बोललोही. त्यांचा मान, त्यांची इच्छा, वगैरे.

काकू भाकरीचं पीठ मळत होत्या. हात थांबवला नाही.

"गुरुजी, त्यांना वाक्य हवंय. मला ते हवेत. त्यांना खोकला आहे, खाली फरशीवर निजवतात. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला दोन्हीकडून बोलता येतं. मला एकाच बाजूने येतं."

पाट सरकवून "बसा, जेवून जा," असंही म्हणाल्या. मी जेवलो नाही. कुठल्या तोंडाने जेवणार?


गुरुवार, २५ एप्रिल

ताई,

हे पत्र घाईत आहे. बाई खाली गाडीत औषधांच्या रिकाम्या पेट्या मोजून घेतायत, त्या वर येईपर्यंत लिहायचं.

काल सकाळी मी चौकशी अधिकाऱ्याकडे गेलो. म्हटलं, खुणा माझ्या. माझा 'ल' काढून दाखवला. त्याने तो मुद्रिताशेजारी धरला आणि कंटाळल्यासारखं बघितलं.

"कशाला आलात?" तो म्हणाला. "एक कबुली आमच्याकडे आहे. एका माणसाने केलं तर चूक म्हणता येते. दोघांनी केलं की कट होतो. तुम्हाला कट करायचाय का?"

मी म्हटलं, त्यांनी फक्त मी सांगितलं ते जुळवलं. त्यांना सोडा.

"मग एक सांगा. मूळ मजकूर तुम्हाला कसा ठाऊक?"

याचं उत्तर दिल्याशिवाय माझी कबुली खरी ठरत नव्हती, हे मला जिना चढतानाच माहीत होतं. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. तो म्हणाला, "म्हातारा घेऊन आम्ही काय करू? टपाल उघडणारे त्यांचं आम्हाला दाखवत नाहीत. पलीकडचा धागा तुमच्या सहीनिशी मिळाला तर तो आज घरी जेवायला जाईल."

तुला विचारायला वेळ नव्हता असं लिहिणार होतो. खोटं आहे. अख्खा चहा संपेपर्यंत वेळ होता. मी तो सावकाश प्यायलो.

आता तुला माहीत नसलेलं एक. अकरा वर्षांपूर्वी तुला शाळेतून काढलं आणि तू पलीकडे गेलीस, तेव्हा कचेरीने माझ्याकडून एक कागद लिहून घेतला होता. 'सदर बाईशी माझे कोणतेही नाते नाही.' मी लिहून दिला. म्हणून नोकरी राहिली, म्हणून तुझ्या पहिल्या दोन वर्षांच्या पत्रांना उत्तर गेलं नाही. तुला वाटलं असेल, ती पोचली नाहीत. सगळी पोचली.

काल त्याच फायलीत दुसरा कागद लागला. 'जाहीरनामा मला माझ्या सख्ख्या बहिणीने पाठवला.' तुझं नाव, गाव, शाळा. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "यातलं खरं कुठलं?" मी म्हटलं, "दुसरं." तो म्हणाला, "दोन्हीवर सही तुमचीच आहे."

काकांना चार वाजता सोडलं. मी फाटकापाशी उभा होतो. काकू त्यांच्या चपला घेऊन आल्या होत्या. काका वाळले होते. माझ्यासमोर आले, थांबले.

"सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"माझं होतं ते, गुरुजी," ते म्हणाले. राग नव्हता, ताई, राग असता तर बरं झालं असतं. काकूंनी त्यांचं कोपर धरलं आणि मला म्हणाल्या, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. तुम्ही आता घरी जा." मग गेल्या. मागे वळून त्यांनी हात जोडले का पदर सावरला, ते मला नीट दिसलं नाही.

मला घरी थांबायला सांगितलंय. "आम्ही येतो," एवढंच म्हणाले. आज गुरुवार, सव्वाअकरा झाले. समोरच्या दुकानाने फळ्या अर्ध्याच उघडल्यात. न्हाव्याच्या आरशाची कड कोरी आहे, मी सकाळी पाहून आलो. पण पाण्याच्या कचेरीपुढे पुन्हा रांग उभी आहे आणि ती खिडकी बंद असूनही कुणी घरी जात नाही. उन्हात माणसं नुसती उभी आहेत. त्यांच्यापुढे आणि मागे मोटारी उभ्या आहेत. काय होणार ते मला दिसतं. ते माझ्यामुळे होणार की तुझ्यामुळे की त्या म्हातारीमुळे, हे ठरवायचं मी सोडून दिलंय.

पूल सुरू झाला तरी येऊ नकोस. पुलाच्या फाटकावर तुझं नाव गेलेलं असेल. माझं काही कानावर आलं तरी येऊ नकोस. मी हक्काने सांगतोय असं नाही, तो हक्क मी दोनदा लिहून घालवला. तरी सांगतो.

बाई वर आल्या. मोजा काढून हात पुढे केलाय. विचारतायत, "दादा, दार का असं सताड उघडं टाकलंय?"

मी म्हटलं, येणारे येणारच आहेत, उगाच कडी कशाला मोडायची.